घरातला आपत्कालीन पाणीसाठा : गोव्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात एवढा पाऊस पडतो. इथे पाणी साठवून ठेवायची गरज काय?

पाऊस भरपूर पडतो, वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. पण तो नळातून येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारजवळ मुख्य जलवाहिन्या फुटल्या, तेव्हा बाहेर धो धो पाऊस आणि तिसवाडी-फोंड्यातले नळ कित्येक दिवस कोरडे, असे चित्र होते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात वीज गेली. वीज गेली की पंप बंद, आणि पंप बंद पडला की भरलेल्या संपवर (जमिनीखालच्या टाकीवर) उभे राहूनही न्हाणीघरातला नळ कोरडाच. त्याच वर्षी जुलैत पूर आला, तेव्हा नदीकाठच्या गावांत पाणी घरात शिरले आणि विहिरीतही.

म्हणजे आपल्याकडे पाणी ‘नसते’ असे फारसे होत नाही. ते पोचत नाही, किंवा पिण्याजोगे राहत नाही. तयारी करायची ती या दोन गोष्टींची.

माणशी किती पाणी धरायचे?

पिण्या-स्वयंपाकासाठी माणशी रोज ५ लिटर धरा. पिणे ३ लिटर आणि स्वयंपाक २ लिटर, असा साधा हिशेब. मे महिन्यात घामाच्या धारा लागतात तेव्हा एवढे पाणी खरोखर लागते. हातपाय धुणे, जुजबी आंघोळ, भांडी यांसाठी आणखी १० लिटर. संडासचे पाणी वेगळे. एका बादलीच्या फ्लशला ५-६ लिटर जातात.

पाच माणसांचे घर, सात दिवस : ५ × ५ × ७ = १७५ लिटर पिण्याचे. २० लिटरचे नऊ जार झाले. एवढी जागा नसेल तर तीन दिवसांपासून सुरुवात करा, चार जारांत ते बसते. घरात तान्हे मूल, बाळंतीण, आजारी किंवा वयस्क माणूस असेल तर एक जार जादा.

पिण्याचे, वापरायचे आणि संडासचे अशा तीन वाटण्या पहिल्याच दिवशी करा. पिण्याच्या जारांवर रंगाने खूण करा आणि त्यांना भांडी घासायला हात लावायचा नाही हे घरात सगळ्यांना बजावून ठेवा. साठा कमी असल्यामुळे घरे अडचणीत येतात, तशीच ती पहिल्या दिवशीच्या उधळपट्टीमुळेही येतात.

आरओचे पाणी साठवले तर जास्त चांगले ना?

उलटे आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि तेच साठ्याचे रक्षण करते. आरओ यंत्र क्लोरीन काढून टाकते. ते पाणी बाटलीत दोन-तीन आठवडे राहिले आणि तोंडाशी एखादे बोट लागले, तर जंतू वाढायला अडवणारे त्यात काहीच नसते. यूव्हीचेही तसेच : दिव्याखालून जाताना जंतू मरतात, पण नंतर शिरलेल्यांना तो दिवा काही करत नाही.

म्हणून साठवायचे ते थेट मुख्य लाईनवरच्या नळाचे पाणी. आरओ-यूव्ही रोजच्या वापरासाठी ठेवा, आपत्तीच्या हिशेबात धरू नका. वीज नसताना दोन्ही यंत्रे निकामी, शिवाय आरओ तीन-चार लिटर घेऊन एकच लिटर देते. टंचाईच्या दिवसांत हे परवडत नाही. वीज न लागणारा कँडलचा (सच्छिद्र मातीच्या नळकांड्याचा) गाळणी-फिल्टर मात्र घरात असावा. कँडल बुळबुळीत झाली की मऊ ब्रशने, साबण न लावता, वाहत्या स्वच्छ पाण्याखाली घासायची. तिला बारीक जरी तडा गेला तरी ती फेकायची.

कोणती भांडी चालतात?

झाकणाचे, अरुंद तोंडाचे आणि शक्यतो तोटी असलेले २० लिटरचे खाद्य दर्जाचे जार सर्वांत सोयीचे. तळाशी त्रिकोणातला आकडा १ किंवा २ असेल तर ठीक. रंग, कीटकनाशक, फिनेल, रॉकेल किंवा कारखान्यातले रसायन ठेवलेले निळे पिंप कितीही धुतले तरी पिण्याच्या पाण्याला नको. प्लास्टिकने शोषलेले नंतर सावकाश पाण्यात उतरते. दुधाचे कॅनही नकोत. कडेला राहिलेल्या स्निग्धांशावर जंतू पोसतात.

रुंद तोंडाच्या पिंपात खरा धोका हाताचा. तांब्या बुडवला की बोटे बुडतात. पिंपच वापरायचे असेल तर लांब दांड्याचे ओगराळे ठेवा आणि ते खुंटीला टांगा, झाकणावर ठेवू नका.

भरण्याआधी जार साबणाने धुवा. मग १ लिटर पाण्यात चहाचा एक चमचा (५ मिलि) बिनवासाचे ५ टक्के ब्लीच घालून सगळीकडे लागेल असे हलवा, मिनिटभर ठेवा, ओता, उपडे करून वाळवा. झाकण आणि तोटी विसरू नका, घाण तिथेच बसते.

भरलेले जार उन्हात, गच्चीवर, गॅस सिलिंडरच्या शेजारी किंवा रंगाच्या डब्यांजवळ ठेवू नका. २० लिटर म्हणजे २० किलो. एकावर एक रचले की खालचा चेपतो आणि झाकणातून झिरपतो.

साठवलेले पाणी किती दिवस टिकते?

घट्ट बंद, सावलीत, नळाचे क्लोरीनयुक्त पाणी असेल तर सहा महिने धरायला हरकत नाही. पण आपल्याकडचा उकाडा पाहता आमचा सल्ला तीन-चार महिन्यांचा. मेच्या मध्यावर, पावसाळ्याआधी, एकदा बदला. चवथीच्या साफसफाईत दुसऱ्यांदा. मग नाताळात, मग शिगम्यात. जारावर तारीख लिहा. जुने पाणी फेकायचे नाही, त्यात कपडे भिजवा.

उघडी बादली, कळशी, झाडाखालचे पिंप यांना हा हिशेब लागू नाही. ती आठवड्यातून एकदा रिकामी करून कडा घासा. डेंग्यूचा डास अंडी पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेषेलगतच्या ओल्या कडेवर चिकटवतो. नुसते पाणी ओतून ती जात नाहीत.

क्लोरीन नेमके किती घालायचे?

इथे अंदाजाने काम करू नका. प्रमाण हातातल्या औषधाच्या ताकदीवर ठरते. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन धरले तर :

- १ टक्का द्रावण (ब्लीचिंग पावडरीचे; कृती पुढच्या प्रश्नात) : २० लिटरला ४ मिलि, १००० लिटर टाकीला २०० मिलि.
- ५ टक्के द्रव ब्लीच : २० लिटरला १६ थेंब (०.८ मिलि), १००० लिटर टाकीला ४० मिलि.
- क्लोरीनची गोळी : पाकिटावर जेवढे लिटर छापले असतील तेवढ्यालाच. १ लिटरची आणि २० लिटरची गोळी दिसायला सारखी असू शकते.

गाळूनही किंचित गढूळ राहिलेल्या किंवा शंकास्पद पाण्याला दुप्पट. ढवळा, झाका, अर्धा तास थांबा. त्यानंतर क्लोरीनचा हलका वास यायला हवा. येत नसेल तर पाण्यातल्या घाणीने ते सगळे खाल्ले. तेवढीच मात्रा पुन्हा घालून पुन्हा अर्धा तास थांबा. दुसऱ्यांदाही वास आला नाही तर ते पाणी पिण्याचा नाद सोडा.

नाकापेक्षा चाचणीचा संच बरा. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात उरलेले मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवे. साथीच्या किंवा पुराच्या काळात ०.५ असलेले चांगले.

ब्लीच घेताना फक्त सोडियम हायपोक्लोराइट असलेले घ्या. सुगंधी, रंगीत, फेसाचे, फरशी पुसण्याचे नको. आणि ते संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर एकाच कपाटात ठेवू नका. दोन्ही मिसळले तर निघणारा वायू फुप्फुसे जाळतो.

ब्लीचिंग पावडर घरात वर्षभर पडून आहे. तीच वापरू का?

बहुधा तिच्यात दम उरलेला नाही. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांपर्यंत उपलब्ध क्लोरीन असते, पण कोकण-गोव्याच्या दमट हवेत उघडी पिशवी काही आठवड्यांत मरते. गोळे झाले असतील, ओलसर लागत असेल, नाकात झणझणत नसेल, तर ती केवळ चुना आहे. लहान पाकिटे घ्या, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. पत्र्याच्या डब्यात नको, गंजतो.

१ टक्का द्रावण करायचे तर २५ टक्क्यांची ४० ग्रॅम पावडर थोड्या पाण्यात पेस्टसारखी कालवा, १ लिटर करा, चुना खाली बसू द्या, वरची निवळ गडद बाटलीत भरा. आठवड्याभरात संपवा. बाटलीवर ठळक लिहा. पाण्याची बाटली समजून कुणी तोंडाला लावू नये.

क्लोरीन घातल्यावर पाणी तांबूस झाले. बिघडले का?

नाही. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या जमिनीतल्या विहिरींत लोह असते. चहा काळपट होतो ते त्याच्यामुळे. क्लोरीन लोहाला गंजवते आणि तो गंज दिसू लागतो. रात्रभर निवळू द्या, कापडातून गाळा, मग क्लोरीनचा वास आहे का पाहा. लोहाने ते खाल्लेले असते, त्यामुळे पुन्हा मात्रा द्यावी लागते.

त्यापेक्षा उकळणे सोपे नाही का?

जंतूंसाठी उकळण्याइतके खात्रीचे दुसरे काही नाही. बुडबुडे खदखदून आल्यावर एक मिनिट पुरे. वीस मिनिटे उकळत ठेवणे म्हणजे गॅस जाळणे.

अडचण गॅसचीच आहे. २० लिटर पाणी झाकण ठेवून उकळायला साधारण पाव किलो गॅस जातो. पाच माणसांच्या २५ लिटरला रोज सुमारे ३०० ग्रॅम. आठवड्याला दोन किलोंहून अधिक, स्वयंपाक वेगळा. रस्ते बंद असताना सिलिंडर कधी येईल ते सांगता येत नाही. म्हणून बाळासाठी आणि आजाऱ्यासाठी उकळा, बाकीच्यांसाठी क्लोरीन. उकळलेले पाणी त्याच भांड्यात झाकून गार करा. दुसऱ्या भांड्यात ओतताना सगळी मेहनत वाया जाऊ शकते.

गढूळ पाण्याचे काय करायचे?

आधी गाळ काढा, क्लोरीन नंतर. मातीच्या कणांच्या आडोशाला जंतू वाचतात आणि क्लोरीन मातीवरच खर्च होते. जुनी, धुवून मऊ झालेली सुती साडी आठ पदरी करून त्यातून गाळा. नवे कापड चालत नाही, त्याच्या धाग्यांमधली भोके मोठी असतात. मग २० लिटरमागे अर्धा ते एक ग्रॅम तुरटीची पूड विरघळवून मिनिटभर जोरात, नंतर पाच मिनिटे हळूहळू ढवळा. तासाभरात गाळ खाली बसतो. वरचे पाणी न हलवता काढून घ्या.

पाऊस-विहिरीच्या मऊ पाण्यात तुरटी कधीकधी काम करत नाही, कारण तिला लागणारा क्षार त्यात नसतो. अशा वेळी आणखी तुरटी घालत बसू नका. रात्रभर निवळू द्या आणि कँडलमधून गाळा.

रॉकेल-डिझेलचा वास किंवा तवंग असलेले पाणी यातल्या कशानेच सुधारत नाही. उकळले तर वाफ तेवढी घरभर होते.

वीज नाही, टाकी रिकामी, पण संप भरलेला आहे. पाणी कसे काढू?

झाकण उघडण्याआधी भोवतालची फरशी धुवा, नाहीतर पहिल्या बादलीबरोबर कुत्र्यामांजरांच्या पायांची घाण आत जाते. त्या कामापुरती एकच धुतलेली बादली आणि स्वच्छ नायलॉनचा दोर ठेवा. दोर जमिनीवर टाकू नका. हाताने चालवायचा सायफन पंप मिळतो, तो आधीच घेऊन ठेवला तर संपात बादली सोडायचीही गरज नाही. लहान मुले असताना संप उघडा सोडून दाराशी बोलायला जाऊ नका.

वरच्या टाकीत तोटीच्या पातळीखाली थोडे पाणी उरते. त्यात गाळ असतो, संडासला चालेल. भिंतीवरच्या साठवणीच्या गिझरमध्येही १५-२५ लिटर असते : आधी वीज बंद करा, गार होऊ द्या, मग गिझरच्या खालची थंड पाण्याची जोडणी सोडवून काढा. ते वापरायला घ्या. नंतर गिझर पुन्हा भरल्याशिवाय चालू करू नका, कॉइल जळते.

नळ परत सुरू झाला. लगेच टाकी भरू?

थांबा. रिकाम्या जलवाहिनीत पोकळी होते आणि सांध्यांतून गटाराचे, मातीचे पाणी आत ओढले जाते. पहिले पाणी तेच. संपाकडे जाणारा कॉक आधीच बंद ठेवलेला असेल, म्हणजे घाण संपात गेली नाही, तर अंगणातला नळ सोडा आणि पाणी पूर्ण स्वच्छ होईपर्यंत, शिवाय क्लोरीनचा वास येईपर्यंत, झाडांना जाऊ द्या. मगच कॉक उघडा.

काही घरांत मुख्य लाईनला थेट मोटर लावलेली असते. ती बेकायदा तर आहेच; रिकाम्या लाईनवर ती चालवणे म्हणजे गटाराला नळी लावून ओढणे.

विहिरीत पुराचे पाणी शिरले. काय करायचे?

पाणी ओसरले की लगेच विहीर उपसायला धावू नका. भोवतालची जमीन पाण्याने फुगलेली असते. आतले पाणी एकदम काढले तर चिऱ्यांचे बांधकाम आत ढासळू शकते. आसपासच्या पाण्याची पातळी उतरेपर्यंत थांबा. विहिरीत पेट्रोलचा पंप उतरवू नका, आणि उतरवलाच असेल तर माणूस मुळीच उतरू नये. पंपाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही. भिजलेली मोटर वायरमनने पाहिल्याशिवाय चालू करायची नाही.

मग क्रमाने : तरंगणारा कचरा आणि मेलेली जनावरे काढा, कठडा आणि आतला दिसणारा भाग घासा, आणि पाण्याचे आकारमान काढा. व्यास × व्यास × पाण्याची खोली × ०.७८५ = घनमीटर. २ मीटर व्यास आणि ३ मीटर पाणी असेल तर ९.४२ घनमीटर, म्हणजे सुमारे ९४२० लिटर.

पुरानंतरच्या पहिल्या निर्जंतुकीकरणाला १००० लिटरमागे २५ टक्क्यांची २०० ग्रॅम पावडर, या विहिरीला जवळपास १.९ किलो. एकदम ओतायची नाही. बादलीत थोडी थोडी कालवून, चुना खाली बसवून, वरची निवळ विहिरीत सोडत जा आणि बादली वर-खाली करून पाणी ढवळा. प्रत्येक नळाला वास येईपर्यंत पंप चालवा, १२ तास ठेवा. हे पाणी प्यायचे नाही. नंतर उपसून टाका. ओहोळात, तळीत किंवा शेजारच्या बागायतीत सोडू नका.

पुन्हा भरल्यावर रोजची मात्रा १००० लिटरमागे ५ ग्रॅम. या विहिरीला सुमारे ४७ ग्रॅम. संध्याकाळी घाला, सकाळी पाणी काढा. क्लोरीन उडून गेल्यावर एच-टू-एस बाटलीत (मैल्याचे जंतू तपासायच्या तयार बाटलीत) नमुना भरा. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले तर मैल्याचे जंतू असण्याची दाट शक्यता. काळे पडले नाही तरी एका चाचणीवर निश्चिंत होऊ नका. आरोग्य केंद्रात किंवा पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात प्रयोगशाळेची चौकशी करा.

दर पावसाळ्यात तेच होत असेल तर औषध वाढवून उपयोग नाही. सोकपिट (संडासचा शोषखड्डा) विहिरीपासून निदान १५ मीटर लांब आहे का ते मोजा. जांभा सच्छिद्र असतो, त्यातून पाणी आपल्या अंदाजापेक्षा लवकर फिरते.

किनाऱ्याजवळच्या विहिरीचे पाणी मचूळ लागते. उकळून पिता येईल?

नाही. उकळल्याने पाणी उडते, मीठ राहते. धुण्याला वापरा.

तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवले तर पुरे ना?

तांब्याने काही जंतू मरतात हे खरे, पण तासन्‌तास लागतात आणि भांडे आतून लखलखीत हवे. पुराच्या पाण्यावर त्याचा भरवसा धरू नका. जांभ्यातल्या विहिरींचे पाणी अनेकदा आम्लधर्मी असते आणि तांबे खाते. धातूसारखी चव आली तर समजा. क्लोरीन घातलेले पाणीही आठवडाभर तांब्यात ठेवायचे नाही.

टँकर आणि विकतचे जार?

टँकरवाल्याला पाणी कुठून भरले ते विचारा. संपात सोडण्याआधी एक पांढरी बादली भरून रंग, वास पाहा. संपातल्या चांगल्या पाण्यात ते मिसळू नका आणि पिण्यासाठी नेहमी क्लोरीन घाला. बाटलीबंद पाण्यावर आयएसआय चिन्हाबरोबर आयएस १४५४३ हा मानक क्रमांक २०२४ पर्यंत सक्तीचा होता; आजही असेल तर चांगले. सील नसलेल्या थंडगार जारांना तो नसतो, आणि ‘थंड’ म्हणजे ‘शुद्ध’ नव्हे.

छपरावरचे पावसाचे पाणी धरले तर?

१० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर; गळती-उडती वजा जाता ८०-८५ हाती लागतात. संडास आणि धुण्याचा प्रश्न पागोळ्यांखाली पिंप ठेवूनच सुटतो. सरीची पहिली दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्या. मंगळुरी कौलांवरचे शेवाळ आणि पक्ष्यांची घाण त्यात वाहून जाते. प्यायचेच असेल तर गाळून, क्लोरीन घालून किंवा उकळून.

तान्ह्या बाळाला काय द्यायचे?

सहा महिन्यांखालच्या बाळाला आईचे दूध, वरचे पाणी नको. त्यासाठी आईला जादा पाणी द्या. पावडरचे दूध असेल तर खदखदा उकळलेले पाणी आणि उकळलेली वाटी-चमचा. जुलाब सुरू झाल्यास ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण १ लिटर शुद्ध पाण्यात, अर्धे-अर्धे नाही. तयार द्रावण २४ तासांनी टाकून द्या. बाळ मलूल झाले, लघवी थांबली, तर घरी वाट पाहू नका.

आमच्या विहिरीत गप्पी मासे सोडले आहेत. क्लोरीनने मरतील का?

मरतील. आधी जाळीने काढून विहिरीच्याच, औषध न घातलेल्या पाण्याच्या पिंपात ठेवा, पिंपाला कापड बांधा. क्लोरीनचा वास पूर्ण गेल्यावर, साधारण दोन-तीन दिवसांनी, आधी दोनच मासे सोडून पाहा. दुसऱ्या दिवशी ते पोहताना दिसले की बाकीचे सोडा.